गायतोंडेंना रॉथ्कोचा उजेड का?

पेंटिंग कन्झर्व्हेशन, म्हणजे चित्रं जपायचं काम, म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही दिवसभर रंग भरत बसतो, खरं तर निम्मा वेळ टॉर्च घेऊन नुसतं बघण्यात जातो. त्या दिवशी अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडेंचा एक उभा कॅनव्हास भिंतीवर जायच्या आधी त्याचा कंडिशन रिपोर्ट, म्हणजे चित्राच्या अवस्थेची नोंद, करत होते. टॉर्च एका कडेने जवळजवळ आडवा धरला की सगळं वर येतं: रोलरने फिरवलेला पातळ थर, पॅलेट नाईफने ओढलेला रंग, ओल्या रंगावर फाटका कागद ठेवून उचलला की राहते ती कड. गायतोंडे आकार काढत नाहीत, रंग लावता-उचलताना तो आपोआप उरतो. हे बघताना मी वेळेचं भान विसरते.

तेवढ्यात क्युरेटर म्हणाले, ह्याला रॉथ्कोसारखा, म्हणजे त्या अमेरिकन अमूर्त चित्रकाराच्या चित्रांना देतात तसा, मंद उजेड देऊ. मला पटेना. १९६४ मध्ये गायतोंडे फेलोशिपवर न्यूयॉर्कला गेले, रॉथ्कोला भेटले, आणि तेव्हापासून 'भारताचा रॉथ्को' हे लेबल चिकटलंय ते निघतच नाही. अहो, पन्नासच्या दशकाच्या शेवटीच त्यांनी आकृत्या सोडल्या होत्या! रॉथ्को १९०३ चा, गायतोंडे १९२४ चे, आणि दोघांची पद्धतही वेगळी. रॉथ्को पातळ रंगाचे थरावर थर चढवायचा, खालचा रंग वरच्यातून झिरपत राहतो, म्हणून त्याला स्वतःलाच उजेड कमी हवा असायचा. हार्वर्डमधल्या त्याच्या म्युरल्सचा (भिंतीसाठी केलेल्या मोठ्या चित्रांचा) लाल रंग तर उन्हाने उडाला, त्यात लिथॉल रेड हा उजेडात फिका पडणारा लाल रंग होता, आणि २०१४ मध्ये मूळ रंग दिसावा म्हणून प्रोजेक्टरने त्यावर रंगीत प्रकाश टाकावा लागला. गायतोंडेंच्या कॅनव्हासवर बघायचा तो पृष्ठभाग, आणि तो दिसायला तिरका उजेड लागतो.

आम्ही दोन्ही करून पाहिलं. २०० लक्सला (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) बाजूने स्पॉट टाकला तर कागदाच्या कडा लख्ख. मग ५० वर आणलं, कडा बुडाल्या, मी तोंड उघडणार तोच डोळे सरावले आणि मधला पिवळा हळूहळू पुढे यायला लागला, अगदी रॉथ्कोसारखा. क्युरेटर काही बोलले नाहीत, मीही नाही.

रिपोर्टमध्ये मी तिरक्या स्पॉटचीच शिफारस लिहिली, मंजूर झाली नाही. लेबल वाचून उजेड ठरवणं मला आजही चूकच वाटतं. पण तो पिवळा काही डोक्यातून जात नाही. तो कॅनव्हासवर होताच, की रॉथ्कोचं नाव कानावर पडल्यामुळे मला दिसला?