आमची वाटचाल : शनिवारी आम्ही काजवे दाखवत नाही

भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गाव. वडील भात-नागली पिकवायचे आणि सुगी आटोपली की मजुरीला नारायणगावकडे जायचे. बारा वर्षांपूर्वी घरातल्या दोन खोल्या सारवून मी पाहुणे ठेवायला लागलो. रतनगड, सांदण दरीला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी आणि सोबत वाटाड्या, एवढाच धंदा. त्या हिवाळ्यात घरातलं कुणीच मजुरीला गेलं नाही. पर्यटनाचे हे उपकार मी विसरणार नाही.

मग काजवे बघायला येणाऱ्यांची गर्दी सुरू झाली. मेअखेरीपासून मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं लखलखतात. शनिवारी घाटघरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची, त्यात आमचेही पाहुणे असायचे. एका रात्री मी चाळीस जणांना घेऊन सादड्याखाली उभा होतो. वळणावरून आलेल्या गाडीचा हेडलाईट झाडावर पडला आणि अख्खं झाड विझलं. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडावरूनच हेरतात; आम्ही त्यांची भेटच मोडत होतो. सकाळी परत गेलो. झाडाखालचं गवत चेपलेलं, माती पायांनी घट्ट झालेली. याच ओलसर मातीत त्यांच्या अळ्या गोगलगाई खाऊन वाढतात.

पाण्याचं दुखणं याहून जुनं. १९२६ साली बांधून झालेल्या धरणाचं पाणी प्रवरेतून खालच्या शेतीला जातं. वर पाऊस एवढा कोसळतो, तरी मे महिन्यात आमच्या विहिरीतून वाटीनं पाणी भरावं लागतं. नेमके तेव्हाच पाहुणे सगळ्यात जास्त. मी टँकर मागवला तेव्हा शेजारच्या काकू हंडा घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "तुझ्या पाहुण्यांच्या आंघोळीला टँकर येतो रं, आम्ही कुठं जायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

पुढच्या वर्षापासून एका रात्री फक्त बारा जणांना काजवे दाखवायला न्यायचं ठरवलं. गाडी गावात ठेवायची, टॉर्च बंद, पायवाट सोडायची नाही. आंघोळीला एक बादली, आणि टँकर आला की आधी वाडीचे हंडे भरायचे. दोन वर्षं कमाई निम्म्यावर आली, कर्जाचे हप्तेही थकले. आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या दिवसांतला पाहुण्यांचा मुक्काम आणि हातसडीचा तांदूळ यांनी आम्हाला सावरलं. भाकऱ्या आता काकूच भाजतात, वाटाडे सगळे वाडीतले.

काजवे बघायला यायचं असेल तर सोमवार ते गुरुवार या.