आमची वाटचाल : इनपुटपासून मिक्सरपर्यंत

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी किती ताकदीच्या आहेत हे पडद्यावर दाखवणारी मशीन, दुरुस्त करतो आणि इनपुट कनेक्टरपासून पहिल्या मिक्सरपर्यंतचा (सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या भागापर्यंतचा) भाग हे आमचे खास काम आहे. डीसी अडवणारा कपॅसिटर, सिग्नल पायरीपायरीने क्षीण करणारा ॲटेन्युएटर, मग खालच्या पट्ट्यात लो-पास फिल्टर आणि मायक्रोवेव्ह पट्ट्यात यिगचा प्रीसिलेक्टर (यिग या चुंबकीय स्फटिकाचा, हवी तीच फ्रिक्वेन्सी आत सोडणारा फिल्टर), एवढ्या टप्प्यांतून गेल्यावरच सिग्नल मिक्सरला सोसवतो. इमेज फ्रिक्वेन्सी (मिक्सरला खऱ्या सिग्नलसारखीच भासणारी दुसरी फ्रिक्वेन्सी) वाटेतच अडवली नाही, तर नसलेला सिग्नल पडद्यावर उभा राहतो, हे या धंद्यातल्यांना सांगायला नकोच.

सुरुवातीला माझ्या भागीदारांनी स्वतःची हत्यारे आणली होती : टॉर्क पाना, कनेक्टरच्या पिनची खोली मोजणारा गेज आणि एक जुना स्टिरिओ मायक्रोस्कोप. ॲटेन्युएटरची पायरी बदलताना होणाऱ्या खटक्यावरून कोणता भाग अडकतो आहे, हे ते झाकण उघडण्याआधीच सांगत. पुढची वर्षे बरी गेली. त्यांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही.

मग ते प्रकरण झाले. पॉवर ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका मोठ्या ग्राहकाचे मशीन आमच्याकडून कॅलिब्रेट होऊन गेले आणि थोड्याच दिवसांत बंद पडले. त्यांनी ते आमच्याकडे न पाठवता दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. त्या गृहस्थांनी मिक्सर बदलला, ॲटेन्युएटर शून्य डीबीवर (डीबी म्हणजे सिग्नल किती पटींनी कमी-जास्त झाला ते सांगणारे एकक) ठेवून एक रीडिंग घेतले आणि ‘आधीचे काम कच्चे होते’ असा शेरा मारून मशीन परत केले. ग्राहकाने आमची सगळी बिले रोखली, वार्षिक करार त्या गृहस्थांकडे गेला आणि आमच्यावर भाडे थकवण्याची वेळ आली. गावभर बोलबाला झाला तो वेगळाच.

रीडिंग मात्र चुकतच राहिले, तेव्हा मशीन अखेर आमच्याच टेबलावर आले. ॲटेन्युएशन बदलले की मशीन तेवढाच गेन आयएफमध्ये (मिक्सरनंतरच्या टप्प्यात) भरून काढते. म्हणून सिग्नलची उंची जागची हलता कामा नये, हलावी ती फक्त नॉइजची पातळी, दर दहा डीबीला दहा डीबी वर. इथे शून्यावर उंची बरोबर येत होती आणि दहा डीबीवर घसरत होती. ॲटेन्युएटर उघडला, तर दहा डीबीच्या पॅडवरची (सिग्नल तेवढा क्षीण करणाऱ्या तुकड्यावरची) रेझिस्टरची पातळ फिल्म मायक्रोस्कोपखाली काळी पडलेली दिसली. शेजारचे पॅड स्वच्छ होते. प्रीसेट केल्यावर ते मशीन दहा डीबीवरच येते. म्हणजे कोणी तरी त्याच स्थितीत वीस वॅटचा ॲम्प्लिफायर मधला तीस डीबीचा पॅड न लावता थेट जोडला होता. इनपुटची मर्यादा एक वॅट, म्हणजे अधिक तीस डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेतले डीबी), आणि आत शिरले वीस वॅट, म्हणजे अधिक त्रेचाळीस. कॅलिब्रेशनमुळे पॅड जळत नाही, हे आम्ही फोटोंसह लिहून कळवले. उत्तर आले नाही.

त्या मंदीत आम्हाला तारले ते नाशिकच्या एका केबल टीव्ही ॲम्प्लिफायरवाल्यांनी. त्यांचे काम पंचाहत्तर ओहम इम्पिडन्सचे, मशीन पन्नास ओहमचे, आणि हे दोन जुळवणाऱ्या मधल्या मॅचिंग पॅडचे ५.७ डीबी नुकसान ते कधी विसरत नसत. असे ग्राहक दुर्मिळ. दुरुस्तीचे पैसे त्यांनी आगाऊ दिले आणि आणखी दोघांना आमच्याकडे पाठवले.

कोणी विचारले नसले तरी सांगतो. अनोळखी सिग्नल जोडताना ॲटेन्युएशन आधी पूर्ण चढवावे आणि मग एकेक पायरी उतरवावे. अँटेनाच्या लांब केबलमधला साठलेला चार्ज, केबल जोडण्यापूर्वी मधली तार अर्थिंगला टेकवून काढून टाकावा. पडद्यावर हार्मोनिक किंवा इंटरमॉड्युलेशन (मूळ सिग्नलच्या पटीतल्या किंवा सिग्नल एकमेकांत मिसळून झालेल्या नको त्या फ्रिक्वेन्सी) दिसले, तर ॲम्प्लिफायरला दोष देण्याआधी ॲटेन्युएशन दहा डीबी वाढवून पाहावे. रीडिंग बदलले तर विकृती मशीनच्या मिक्सरमध्ये तयार होते आहे. आणि बाहेरचा पॅड घेताना त्याचे डीबी पाहावे तसे वॅटही पाहावेत. वीस वॅटसमोर दोन वॅटचा पॅड धरणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत.

आता प्रत्येक मशीनसोबत प्रत्येक पायरीवरच्या रीडिंगचा तक्ता जातो आणि चलनावर ग्राहकाची सही घेतल्याशिवाय आम्ही मशीन सोडत नाही. तो मोठा ग्राहकही आता परत आला आहे. त्यांची जुनी बिले अजून थकीत आहेत, त्यामुळे त्यांचे काम आम्ही आगाऊ पैसे घेऊनच हातात घेतो.