3 मार्चला अधिवेशन भरलं असतं तर

सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. फौजी नसलेलं गाव आमच्या भागात शोधावं लागतं. त्यामुळे 1971 हा धडा आला की वर्गाला सगळं आधीच पाठ असतं: 13 दिवसांचं युद्ध, 93 हजार युद्धकैदी, 16 डिसेंबरचा विजय. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जंगी पलटणीनं पूर्व पाकिस्तानातलं जमालपूर कसं घेतलं, हेही पोरं घरी ऐकून आलेली असतात.

या वर्षी मी युद्धापासून सुरुवातच केली नाही. फळ्यावर तारीख लिहिली: 3 मार्च 1971. पाकिस्तानच्या नव्या राष्ट्रीय सभेचं अधिवेशन त्या दिवशी ढाक्यात भरायचं होतं. म्हटलं, "ते भरलं असतं, असं धरा आणि पुढचं लिहा. रामराज्य मात्र लिहायचं नाही. लष्कराच्या मुठीतून सुटलेली लोकशाही लंगडणारच. कुठे लंगडते, ते दाखवा."

आधी खरं घडलेलं सांगितलं. 1958 पासून देश लष्कराच्या ताब्यात. डिसेंबर 1970 मध्ये निवडणूक लागली. 300 सर्वसाधारण जागांपैकी मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला 160, सगळ्या पूर्वेकडच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या. झुल्फिकार अली भुट्टोंच्या पक्षाला 81, सगळ्या पश्चिमेकडच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या. लष्करी राष्ट्राध्यक्ष जनरल याह्या खान यांनी मुजीबना भावी पंतप्रधान म्हटलंही होतं. भुट्टोंनी मात्र ढाक्याला जायला नकार दिला आणि 1 मार्चला याह्यांनी अधिवेशन पुढे ढकललं. त्या वेळी ढाक्याच्या स्टेडियममध्ये क्रिकेटचा सामना चालू होता. बातमी कळताच लोक सामना सोडून रस्त्यावर उतरले. 25 मार्चच्या रात्री लष्करानं गोळीबार सुरू केला.

मग वर्गाचे मुजीब, भुट्टो आणि याह्या असे गट पडले. याह्यांच्या गटानं नव्या सभेसाठीचे नियम वाचून दाखवले: 120 दिवसांत घटना तयार झाली नाही तर सभा बरखास्त, आणि झाली तरी राष्ट्राध्यक्षांची मंजुरी हवीच. मागून एक मुलगी म्हणाली, "म्हणजे घर भाड्यानं दिलं, पण किल्ली मालकाच्या खिशात." इतकं नेमकं मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

तासाभरात घटना तयार झाली, आणि ती खरोखरच सदोष होती. लष्कराच्या खर्चावर सभेत चर्चा नाही. याह्या पाच वर्षं राष्ट्राध्यक्ष. परराष्ट्र खातं भुट्टोंना. बदल्यात करवसुली प्रांतांकडे आणि तागाचं परकीय चलन पूर्वेकडे. मुजीब झालेला मुलगा सहा कलमांवर, म्हणजे पूर्वेच्या स्वायत्ततेच्या अवामी लीगच्या मागण्यांवर, अडून बसला होता. मतं त्यावरच मागितलीत, म्हणत होता. शेवटी स्वतंत्र चलनाची मागणी त्यानं सोडली. चेहरा अगदी उतरला होता त्याचा.

एक जण म्हणाला, हे दहा वर्षांत फुटेलच. दुसरा म्हणाला, "फुटू दे. पण भावकीची वाटणी तलाठ्यापुढे होते, तशी कागदावर होईल."

मी विचारलं, लष्कराला हिशोब विचारता येत नाही, ती लोकशाही कसली? उत्तर मुजीबनं दिलं. "मॅडम, पुढच्या मतदानाला विचारता येईल की."

मला ते पूर्ण पटलं नाही, अजूनही पटत नाही. लष्कराकडे राहिलेली किल्ली सहजी परत मिळत नाही. 1977 मध्ये झिया-उल-हक यांनी भुट्टोंचंच सरकार उलथवलं. पण भारतात आलेले सुमारे एक कोटी निर्वासित आठवले, आणि त्या मुलाशी वाद घालावासा वाटेना. इतकी वर्षं मी 1971 शिकवलं ते होणारच होतं अशा थाटात. न भरलेल्या एका सभेवर मी कधी पाच मिनिटंही घालवली नव्हती.

कागद गोळा केले. एका मुलीचा जवळजवळ कोरा होता. एकच ओळ: "आजोबा जमालपूरला गेले नाहीत." तिचे आजोबा तिथे पडले, हे मला माहीत नव्हतं. मी तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर तीच टेबलापाशी आली. रात्री तिनं आजीला सगळं सांगितलं होतं, ढाका, भुट्टो, अधिवेशन. आजीनं मध्ये एकदाच विचारलं, "ती सभा कधी व्हायची होती म्हणालीस?"

"3 मार्चला."

"तवा हे रजेवर घरी होते," आजी म्हणाली. "गोठ्याचं छप्पर शाकारत होते."