तुम्ही विचारलंत म्हणून : अजून संपला नाही का तो गेम?

गेल्या चवथीला आरत्या आटोपल्या, जेवणे झाली आणि घरातली मंडळी जरा लवंडली, तेव्हा मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. पडद्यावर मोठ्या नाकाचा एक बुटका माणूस हातात चाबूक घेऊन, साप चुकवत, भुयारात उतरत होता. थोरली मावशी काही वेळ मागे उभी राहून पाहत होती. मग म्हणाली, "अरे, मागच्या चवथीलाही तू हेच खेळत होतास ना? अजून संपला नाही तो गेम?" मी तोंड उघडायच्या आत बुटका माणूस जमिनीतल्या टोकदार सुळ्यांवर पडून मेला, आणि आपल्याला उत्तर मिळाले असे समजून मावशी आत निघून गेली. हाच प्रश्न मला ऑफिसातले सहकारी विचारतात, वाचनालयात भेटणारे विचारतात, आणि भाच्याचे मित्र तर "काका, कितव्या लेव्हलला पोचलात?" इथूनच सुरुवात करतात. तेव्हा तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर लिहून टाकतो.

गेमचे नाव स्पेलंकी. गुहा धुंडाळण्याच्या छंदाला अमेरिकेत स्पेलंकिंग म्हणतात, त्यावरून ते आले. डेरेक यू या गेमकाराने २००८ मध्ये 'गेम मेकर' हे साधन वापरून तो बनवला आणि लोकांना फुकट देऊन टाकला. त्याचे रूप मुद्दामच जुन्या काळचे होते : ठोकळ्यांची चित्रे, उड्या मारत पुढे जायचे, दोन-तीन बटणांत सगळा कारभार. पुढे २०१२ मध्ये अँडी हल या प्रोग्रामरच्या साथीने त्याने तो नव्या चित्रांसह एक्सबॉक्स या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर आणला आणि पुढच्या वर्षी तो संगणकावरही आला. मी खेळतो ती ही आवृत्ती. २०२० मध्ये दुसरा भाग आला, तोही मी घेतला. पण त्यात डोळ्यांपुढे इतक्या गोष्टी एकाच वेळी घडतात की, माझ्या वयाच्या माणसाने पहिल्या भागाशी निष्ठा ठेवलेली बरी.

या जातीच्या गेमांना रोगलाइक म्हणतात. हा शब्द मराठी माणसापुढे उच्चारण्याची सोय नाही, कारण पहिला प्रश्न "औषध चालू आहे ना?" असा येतो. मूळ शब्द 'रोग', म्हणजे भटका लबाड माणूस. याच नावाचा गेम मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात बनवला होता. त्यात चित्रे नव्हतीच, पडद्यावरची अक्षरे आणि चिन्हे हेच राक्षस आणि हीच दारे. पण त्याचे दोन नियम टिकले : तळघराची रचना दर वेळी नवी, आणि एकदा मेलात की सगळे पहिल्यापासून. डेरेक यूने हे दोन नियम उचलून उड्यांच्या गेमात घातले. सुरुवातीला तुमच्याजवळ पत्त्यांतल्या बदामासारखे चार बदाम, चार बॉम्ब आणि चार दोर असतात. बदाम संपले की खेळ संपला. जिथे पोचलात तिथून पुढे सुरू करण्याची सोय नाही. एक भुयारी वाटाड्या आडवाटा खणून देतो, पण त्या वाटेने गेल्यास या चार-चार वस्तूंपलीकडे हाती काही नसते.

मी डिचोलीचा. खाणमालाच्या ट्रकांच्या खेपा मोजून त्यांचे हिशेब लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातले खाणकाम थांबवले, रस्त्यावरची तांबडी धूळ बसली, आणि आमच्या ऑफिसात लिहायला काही उरले नाही. पुढच्या वर्षी भाच्याने आपला जुना लॅपटॉप मला दिला आणि त्यात हा गेम घालून दिला. "मामा, तुझ्या ओळखीचीच जागा आहे, खाण आहे," असे तो म्हणाला होता. खरे तर ओळखीची मुळीच नव्हती. गेमची पहिली खाण म्हणजे लाकडी तुळया आणि अंधार. आमच्या खाणीला छप्पर नसते. अख्खा डोंगर पायरीपायरीने उतरवत नेलेला असतो आणि तळाला हिरवट पाणी साचलेले असते. तरीही वरून खाली, पायरीपायरीने उतरत जाणे एवढे साम्य मला पुरले.

त्याआधीचा माझा अनुभव नव्वदच्या दशकातल्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमचा. ते गेम आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. तिसऱ्या खड्ड्यानंतर कासव येणार, ते गेले की उडी, हे डोळे मिटून सांगता येत असे. स्पेलंकीत पाठांतराला जागाच नाही, आणि तसे का, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक लेव्हल म्हणजे चार आडव्या आणि चार उभ्या ओळींतल्या सोळा खोल्या. संगणक आधी वरच्या ओळीतल्या दारापासून खालच्या ओळीतल्या दारापर्यंत एक वाट आखतो, आणि बॉम्ब किंवा दोर न वापरताही ती पार करता येईल याची खात्री करतो. मग उरलेल्या खोल्या भरतो. प्रत्येक खोलीचे साचे माणसाने आधी हाताने रचलेले असतात, पण त्यातला अमुक दगड असावा की नसावा, इथे साप की वटवाघूळ, हे त्या वेळी ठरते. म्हणून जागा कधीच पूर्वी पाहिलेली नसते, पण अगदी अनोळखीही वाटत नाही.

हे वाचले तेव्हा मला पेडण्यातल्या आजोळचे जत्रेतले दशावतारी नाटक आठवले. तिथे लिहिलेली संहिता नसते. रंगपटात पेटाऱ्यापाशी बसून आख्यान ठरते, कोण राजा आणि कोण राक्षस ते ठरते, आणि बोलणे मात्र रंगमंचावर उभे राहून जागच्या जागी करायचे असते. लहानपणी मी एकच आख्यान दोन गावांत लागोपाठ पाहिले होते. पहिल्या गावात राक्षसाने आव्हान दिले तेव्हा राजा नुसता हसला आणि पेटीवाल्याकडे पाहून थांबला. दुसऱ्या गावात त्याच जागी त्याच राजाने लांबलचक धर्मचर्चा उभी केली आणि राक्षसाला घाम फुटला. "मग पाठ काय करतात हे?" असे मी आजोबांना विचारले होते. "पाठ नसते, तयारी असते," एवढेच ते म्हणाले होते.

स्पेलंकीतली तयारी म्हणजे काय, ते एका बाणावरून सांगतो. खाणीत भिंतीत एक दगडी तोंड बसवलेले असते. त्याच्यासमोरून काहीही हलत गेले की त्यातून बाण सुटतो आणि दोन बदाम घेऊन जातो, म्हणजे निम्मा जीव. पण तो बाण एकदाच सुटतो, आणि समोरून जाणारी वस्तू दगड आहे की माणूस, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तेव्हा वरून एक दगड किंवा मडके त्याच्यापुढे टाकावे, बाण रिकामा करून घ्यावा, आणि मग निवांत उतरावे. हे एकदा समजले की सोपे वाटते. पण समोरून वटवाघूळ गेले तरीही बाण सुटतो, त्या बाणाने भुयारातच दुकान मांडून बसलेल्या दुकानदाराला लागले तर दुकानदार खवळतो, आणि खवळलेल्या दुकानदाराजवळ बंदूक असते. नियम थोडे आहेत, पण ते सर्वांना सारखे लागू आहेत, आणि म्हणून ते एकमेकांत गुंततात. सुळ्यांचेही तसेच : वरून पडलात तर जागीच मृत्यू, पण बाजूने चालत गेलात तर ओरखडाही नाही. माझ्या मते या गेमची सगळी करामत याच सचोटीत आहे. तो क्रूर आहे, पण खोटारडा नाही.

आता माझ्या वहीविषयी. हिशेबाची सवय जात नाही, म्हणून मी माझ्या प्रत्येक मरणाची नोंद ठेवू लागलो : तारीख, लेव्हल, कारण. बायकोने त्या वहीवर 'चित्रगुप्त' असे लिहून ठेवले आहे. सुरुवातीच्या पानांवर कारणाच्या रकान्यात साप, कोळी, सुळे, बाण अशी मारणाऱ्यांची नावे आहेत. मग एका रात्री काय झाले, ते लिहिताना माझी पेन्सिल अडली. खाणीच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये सोन्याची मूर्ती दिसली. ती उचलली की वरून प्रचंड गोल धोंडा सुटतो, हे मला ठाऊक होते. मी आधीच पळण्याची वाट पाहून ठेवली, मूर्ती उचलली आणि सुरक्षित कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. धोंडा माझ्या जवळून गेला, भिंती फोडत पुढे गेला, आणि तिथे असलेल्या दुकानात घुसला. दुकानदाराने त्याचा दोष मला दिला. कसाबसा दारातून निसटलो, तर पुढच्या लेव्हलच्या दारापाशी त्याचा भाऊबंद बंदूक रोखून वाट पाहत होता. कारणाच्या रकान्यात मी आधी 'बंदूक' लिहिले. ते खोडून 'धोंडा' लिहिले. तेही खोडून 'दुकान कुठे आहे ते न पाहता मूर्ती उचलली' असे लिहिले, आणि ते शब्द रकान्यात मावले नाहीत म्हणून समासात गेले.

तेव्हापासून वहीचा रकाना रुंद झाला आणि जुन्या नोंदींकडेही मी संशयाने पाहू लागलो. ज्याने मारले ते कारण नव्हते. कारण बहुधा अर्धा मिनिट आधी, बरे चाललेले असताना घडून गेलेले होते. तीन बदाम शिल्लक असताना मी सावकाश चालतो. वाटेत सापडलेली बाई उचलून दारापर्यंत नेली की एक बदाम वाढतो. (बाईऐवजी पुरुष किंवा छोटा कुत्रा निवडता येतो, आमच्या घरी कुत्र्यावर एकमत झाले आहे.) असे पाच-सहा बदाम झाले की माझी चाल बदलते आणि मी खाली न पाहता उडी मारतो. वहीत सर्वांत जास्त मरणे या श्रीमंतीतली आहेत.

सावकाश खेळावे तर त्यालाही मर्यादा आहे. एका लेव्हलमध्ये अडीच मिनिटे झाली की भूत येते. ते भिंतींतून आरपार येते, त्याला मारता येत नाही आणि त्याच्या एका स्पर्शात खेळ संपतो. सावकाश जा म्हणून सांगणारा आणि रेंगाळू नका म्हणून हाकलणारा, असे दोन्ही आवाज या गेमने एकाच वेळी कानाशी ठेवले आहेत. वर आणखी एक आमिष आहे : हे भूत ज्या रत्नांवरून जाते त्यांचे हिरे होतात. म्हणून काही खेळाडू मुद्दाम भुताला रत्नांवरून फिरवून आणतात. मी एकदाच तो प्रयत्न केला. त्याची नोंद एका शब्दाची आहे.

तक्रारी नाहीत असे नाही. दिवे नसलेल्या अंधाऱ्या लेव्हली मला अजिबात आवडत नाहीत. तिथे गेम जो अंदाज बांधायला शिकवतो तोच हिरावून घेतो. बर्फाच्या गुहांत पाय घसरून खालच्या पोकळीत पडणे हेही फारसे मनाला लावून घेण्यासारखे मरण नाही, केवळ चिडचिड होते.

आता मूळ प्रश्न. खाण, जंगल, बर्फाच्या गुहा आणि मंदिर असे चार विभाग, प्रत्येकात चार लेव्हली, आणि शेवटी ओल्मेक नावाचे एक अवाढव्य दगडी मस्तक, ज्याला फसवून त्याच्याच वजनाने लाव्हारसात पाडायचे. हे मी केले आहे. त्या अर्थी मावशीला "संपला" असे सांगता आले असते. पण त्याखाली नरक आहे. तिथे जायला आधी एक नेत्र, मग पुनर्जन्म देणारे एक इजिप्शियन चिन्ह, मग मुकुट, राजदंड आणि ग्रंथ अशा वस्तू क्रमाने मिळवाव्या लागतात, आणि त्यातल्या एका टप्प्यावर तर ते चिन्ह गळ्यात असताना मुद्दाम मरावे लागते. हे सगळे एकाच खेळात, चार बदामांपासून सुरू करून. नरकाच्या तळाशी बसलेला शेवटचा शत्रू म्हणजे चक्क यमराज. डेरेक यूने त्याचे नावही यमच ठेवले आहे. चित्रगुप्ताची वही माझ्या टेबलावर आहे, पण यमराजांची भेट अजून झालेली नाही. राजदंडापर्यंत दोनदा पोचलो. दोन्ही वेळा कारण समासात गेले.

संगणकावरच्या आवृत्तीत रोज एक भुयार जगभरच्या सर्वांसाठी सारखेच रचले जाते आणि प्रत्येकाला ते एकदाच खेळता येते. भाचा आता पुण्याला असतो. जेवणे आटोपल्यावर आम्ही दोघेही आपापल्या घरी ते खेळतो आणि मग फोन करतो. काल रात्री मी खाणीच्या तिसऱ्या लेव्हलमध्ये बाणाने मेलो. फोन केला तर तोही तिथेच, त्याच बाणाने मेला होता. "मामा, वटवाघळाने ढकलले," असे त्याचे म्हणणे. वटवाघूळ दिसत असताना दोर का सोडला, असे माझे म्हणणे. अर्धा तास वाद झाला, मग त्याला झोप आली. तारीख आणि लेव्हल लिहून झाली आहे. कारणाचा रकाना आज रात्रीच्या फोनपर्यंत मोकळा ठेवला आहे.