मामाचा प्रोजेक्टर आणि बेल्टचं डांबर

मामाचा सुपर ८ प्रोजेक्टर (८ मिमी रुंदीच्या फिल्मवरचे घरगुती चित्रपट दाखवणारा) माझ्याकडे आला तेव्हा मोटर छान गुणगुणत होती, पण रीळ जागचं हलेना. मागचं झाकण काढलं, तर रबरी बेल्टच्या जागी काळं, चिकट डांबर! कप्पीच्या खाचेत ते असं मुरलं होतं की कापसाचे बोळे, टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन संध्याकाळी मी तेच खरवडत बसले. नखं आठवडाभर काळी.

मॉडेलचं नाव टाकून बेल्ट शोधला. काही मिळालं नाही, आणि मिळालं ते भलत्याच यंत्राचं. मग डोक्यात प्रकाश पडला: बेल्ट म्हणजे शेवटी रबराची एक कडी. तिला नाव नसतं, माप असतं. जुना शाबूत असता तर कापून सरळ मोजला असता. इथे विरघळून गेलेला, म्हणून दोन्ही कप्प्यांच्या खाचांतून सुतळी फिरवली, पेनाने खूण केली, पट्टीवर धरली आणि ७ टक्के वजा केले, म्हणजे रबर थोडं ताणून बसेल. पहिल्या खेपेला मी उत्साहाच्या भरात फारच आखूड मागवला होता. मोटर तापली, घुरघुरायला लागली. सैल असता तर बेल्ट घसरून वेग खालीवर झाला असता.

दिव्याचंही तेच. जुन्या दिव्यावर १२ व्होल्ट, १०० वॉट आणि ‘ईएफपी’ ही तीन अक्षरं होती. ती टाकल्यावर तो प्रयोगशाळेतल्या फायबर ऑप्टिक दिव्यांच्या सामानात सापडला, प्रोजेक्टरचं नावसुद्धा नसलेल्या ठिकाणी. घरातल्या छतात बसवतात तो हॅलोजन अगदी तसाच दिसतो, पण त्याच्या पिनांत ५.३ मिमी अंतर, याच्या पिनांत ६.३५. शिवाय घरचा दिवा उजेड पसरवतो. याचा आरसा तो फिल्मच्या खिडकीपाशी गोळा करतो. आणि हो, काचेच्या कुपीला बोट लावायचं नाही, हाताचं तेल तापून काच खराब होते.

माझ्या मित्राचा १६ मिमीचा प्रोजेक्टर ६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला, आणि त्याच्या मोटरचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. त्याने ट्रान्सफॉर्मर लावला, व्होल्टेज बरोबर आलं, पण त्याने हर्ट्झ थोडेच बदलतात? आपल्याकडच्या ५० हर्ट्झवर सेकंदाला २४ ऐवजी २० चौकटी, आणि पडद्यावरचे सगळे नुकतेच झोपेतून उठल्यासारखे बोलतायत. त्याला ५० हर्ट्झची, म्हणजे हा वेग भरून काढणाऱ्या मापाची कप्पी हवीय. अजून शोधतोय बिचारा.

सर्वात जास्त चरफडले मी एका रिकाम्या रिळापायी. विकणाऱ्याने नुसतं ‘८ मिमी’ लिहिलेलं. आलं ते जुन्या रेग्युलर ८ चं, तीही ८ मिमीचीच फिल्म, पण रिळाचं मधलं भोक लहान, माझ्या दांड्यावर जाईचना. सुपर ८ चं भोक मोठं असतं, हे मला माहीत होतं. फोटो नीट बघितला नाही, एवढंच. दुसरं मागवताना फोटोत भोकाशेजारी मोजपट्टी ठेवायला लावली.

काल ५० फुटांचं रीळ लावलं. सेकंदाला १८ चौकटींनी ३ मिनिटं २० सेकंद. मामी हसत कॅमेऱ्याकडे येते, हाताने ‘नको, नको’ करते, आणि ती पोचायच्या आत रीळ संपतं. चार वेळा बघितलं.

आता लेन्सचं टोपण हवंय. व्यास मोजून ठेवलाय.