तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशी वाहिन्यांसाठी कोणता बॉक्स घ्यावा?

कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर सहा फुटी जाळीची डिश आहे. ती रस्त्यावरूनही दिसत असल्यामुळे जिन्यात, भाजीवाल्यापाशी आणि लग्नकार्यातही मला एकच प्रश्न विचारला जातो: ‘परदेशातली चॅनेल फुकट बघायची आहेत, तर कोणता बॉक्स घेऊ?’ विचारणाऱ्याला एका नावाची अपेक्षा असते आणि माझे उत्तर निदान अर्धा तास चालते, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो.

बॉक्स, म्हणजे रिसीव्हर, ही सगळ्यांत शेवटी घ्यायची वस्तू आहे. मी स्वतः ती सगळ्यांत आधी घेतली होती. तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने ‘जगातली सगळी फ्री चॅनेल लागतात’ असे छातीठोकपणे सांगितले, मी बॉक्स आणि दोन फुटी डिश घेऊन घरी आलो आणि दोन रविवार गॅलरीत घालवल्यावर मला दूरदर्शनची फ्री डिश तेवढी दिसली. बॉक्समध्ये काहीही दोष नव्हता; मी शोधत होतो त्या वाहिन्या त्या डिशच्या आवाक्यातल्याच नव्हत्या.

‘फ्री टू एअर’ याचा अर्थ प्रक्षेपणाला सांकेतिक कुलूप नाही एवढाच होतो. ते आपल्या छतापर्यंत पोचते असा होत नाही. युरोपातल्या असंख्य वाहिन्या ज्या जागेवरून येतात ते १९.२ अंश पूर्व रेखांशावरचे ॲस्ट्रा उपग्रह पुण्यातून पाहिले तर पश्चिमेला क्षितिजापासून सुमारे २५ अंश वर असतात, म्हणजे आमच्या गच्चीवरून मधे काही आड येत नाही. परंतु त्यांचे झोत युरोपवर रोखलेले असल्यामुळे इथे कितीही मोठी घरगुती डिश लावली तरी हाती काही लागत नाही. आपल्याला उपयोगी पडतात ते आशियासाठी झोत टाकणारे उपग्रह: पूर्वेकडे १००.५ आणि १०५.५ अंशांवर ॲशियासॅट, जवळजवळ थेट दक्षिणेला ७६.५ अंशांवर ॲपस्टार ७ आणि ६८.५ अंशांवर इंटेलसॅट २०. यांतली १०५.५ अंशांची जागा तर आपल्याकडच्या केबलचे मूळपीठच म्हणावे लागेल, कारण १९९१ साली स्टार टीव्ही तिथल्याच ॲशियासॅट १ वरून भारतात उतरला.

डॉइच वेले, फ्रान्स २४, एनएचके वर्ल्ड अशा वाहिन्या मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालतात आणि प्रेक्षकाने आपल्याला पाहावे हाच त्यांचा हेतू असल्यामुळे त्या कुलूप लावत नाहीत. मात्र त्या उपग्रह आणि फ्रिक्वेन्सी वरचेवर बदलतात. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी आपल्याला नेमके काय पाहायचे आहे त्या दोन-चार वाहिन्यांची नावे कागदावर लिहावीत आणि त्या सध्या कुठल्या उपग्रहावर आहेत हे त्या त्या प्रसारकाने स्वतः दिलेल्या माहितीवरून पडताळावे. ‘पाचशे चॅनेल’ हा आकडा निरर्थक आहे. त्यांतली बरीचशी न समजणाऱ्या भाषांतली प्रवचने आणि खरेदीचे कार्यक्रम असतात.

उपग्रह ठरला की कंपास घेऊन गच्चीवर जावे. १०५.५ अंशांचा उपग्रह पुण्यातून आग्नेयेच्याही थोडा पूर्वेला, उत्तरेपासून मोजल्यास ११७ अंशांवर आणि क्षितिजापासून ४८ अंश उंच असतो. शेजाऱ्यांकडे फ्री डिशची छत्री असेल तर ती ९३.५ अंशांच्या उपग्रहाकडे पाहत असते. तिच्याहून पंधराएक अंश डावीकडे आणि दहा-अकरा अंश खाली आपली जागा. तिथे पाण्याची टाकी, लिफ्टची खोली किंवा नवा टॉवर आडवा येत असेल तर पुढचा सगळा खर्च वाया जातो. त्याच वेळी सोसायटीच्या चिटणिसांची लेखी परवानगी घ्यावी, हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे परवानगी मिळाली, पण समोरच्या काकूंनी ‘एवढी मोठी जाळी आहे तर कुरडया वाळतील का हो?’ असे विचारले आणि त्या विनोद करत नव्हत्या.

आता डिश. या परदेशी वाहिन्यांपैकी बहुतेक सी बँडवर, म्हणजे ३.४ ते ४.२ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतात, तर घरोघरच्या छोट्या छत्र्या केयू बँडसाठी असतात. सी बँडची तरंगलांबी सुमारे साडेसात सेंटिमीटर, केयूची अडीचच्या आसपास. लांब लहरी एकाग्र करायला पसरट भांडे लागते, म्हणून दोन फुटी छत्रीला सी बँडचा एलएनबी, म्हणजे डिशसमोर बसून सिग्नल टिपणारा भाग, बांधून भागत नाही. पुण्यात चांगल्या झोताच्या वाहिन्यांना सहा फूट पुरतात, कमकुवत वाहिन्यांसाठी आठ फूट बरे. सहा फुटी डिशची नजर साधारण तीन अंश रुंद असते, त्यामुळे शेजारच्या उपग्रहाचा गोंधळ तिच्यात थोडा शिरतो. आठ फुटी डिश अधिक नेमकी पाहते. जाळीची की पत्र्याची, या वादात मी जाळीच्या बाजूचा आहे, कारण जाळीतून वारा निघून जातो आणि सी बँडच्या लहरींना ती बारीक भोके जाणवतच नाहीत. फक्त तिच्या पाकळ्या, म्हणजे जे तुकडे जोडून ती बनते ते, वाकलेल्या नसाव्यात. दुकानातच डिशच्या कडेवर दोन दोऱ्या फुलीसारख्या ताणून पाहाव्यात, त्या मध्यभागी एकमेकींना जेमतेम टेकायला हव्यात. सी बँडचा मोठा फायदा पावसाळ्यात कळतो. जुलैतल्या सरीत शेजारच्यांचे केयूवरचे चित्र चौकोन चौकोन होऊन थिजते, तेव्हा आमच्याकडे बातम्या चालू असतात.

एलएनबी घेताना वेष्टनावरच्या ‘१५ केल्विन’सारख्या, त्याचा स्वतःचा गोंगाट किती कमी हे सांगणाऱ्या आकड्यांना मी फार मान देत नाही. तो डिशच्या केंद्रबिंदूवर नीट बसतो का आणि त्याची मान फिरवता येते का, हे महत्त्वाचे. पुण्यातून पाहताना १०५.५ अंशांच्या उपग्रहाच्या उभ्या-आडव्या लहरी सुमारे ५७ अंशांनी तिरक्या झालेल्या दिसतात, म्हणून एलएनबी सरळ बसवला तर डिश अचूक रोखलेली असूनही सिग्नलचा काटा हलत नाही. माझा एक अख्खा रविवार यातच गेला. शेवटी कंटाळून मी एलएनबी हाताने फिरवला आणि खालून मुलगी ओरडली, ‘बाबा, आलं!’ रशियाचे काही उपग्रह वर्तुळाकार ध्रुवीकरण वापरतात, म्हणजे त्यांच्या लहरी उभ्या-आडव्या नसून गोल फिरत येतात. त्यांच्यासाठी एलएनबीच्या नळीत टेफ्लॉनची पट्टी बसवावी लागते.

शहरात राहणाऱ्यांसाठी अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०२२ साली ५जीसाठी ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला आणि जुने एलएनबी तोही ऐकतात. उपग्रहाचा सिग्नल ३६ हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून येतो आणि मोबाइलचा मनोरा समोरच्या इमारतीवर असतो; त्या कोलाहलात एलएनबी बधिर होतो आणि ज्या वाहिन्या त्या पट्ट्यात नाहीत त्यासुद्धा तुटतात. म्हणून आज पुण्यात नवा एलएनबी घेणाऱ्याने ३.७ ते ४.२ गिगाहर्ट्झपुरताच ऐकणारा, ५जी फिल्टर असलेला घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

केबल चांगल्या तांब्याची आरजी ६ असावी आणि गच्चीवरच्या जोडावर पाणी न शिरणारी टेप गुंडाळावी. एकाच बॉक्सला दोन-तीन उपग्रह जोडायचे असतील तर चार तोंडांचा डायसेक स्विच पुरतो.

इतके झाल्यावर तुमच्या बॉक्सकडे येऊ. त्यात डीव्हीबी-एस२ ही उपग्रह प्रक्षेपणाची पद्धत असावी, चित्र दाबून पाठवण्याच्या पद्धतींपैकी एमपीईजी-४ बरोबर एचईव्हीसीही उलगडता यावी आणि ब्लाइंड सर्च असावा, म्हणजे फ्रिक्वेन्सी माहीत नसतानाही तो आकाश चाचपून वाहिन्या शोधतो. नाव कोणते, याला फारसे महत्त्व नाही. मेनूत सी बँडसाठी लोकल फ्रिक्वेन्सी, म्हणजे एलएनबीचा जो आकडा धरून बॉक्स वाहिनीच्या फ्रिक्वेन्सीचा हिशोब करतो ती, ५१५० ठेवावी. ती केयूची ९७५० राहिली तर उत्तम बॉक्सही रिकामा परततो, आणि दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेले निम्मे बॉक्स या एकाच कारणाने ‘बिघडलेले’ होते.

डिश बसवून झाल्यावर ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, सकाळी दहाच्या सुमारास चित्र काही मिनिटे गेले तर कुणाला फोन करू नये. सूर्य त्या वेळी बरोबर १०५.५ अंशांच्या उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा सिग्नल बुडतो. मार्चच्या १२ तारखेच्या आसपास, सव्वादहाला, पुन्हा तेच होते. अशा वेळी टीव्हीसमोर न बसता गच्चीवर जाऊन पाहावे. एलएनबीची गोल सावली सरकत सरकत डिशच्या ऐन मध्यावर येते, आणि ती तशी आली नाही तर डिश किती आणि कुठे हलवायची हे तिथल्या तिथे कळते.