पाणी नितळ होतं, तरीही
आज सकाळी आमचा बेट्टा मासा टाकीच्या कोपऱ्यात पंख मिटून निपचित पडला होता. दाणे टाकले, तरी वळून बघेना. पोटात धस्स झालं. पाणी काचेसारखं नितळ, पण तपासलं तर अमोनिया 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग! माशासाठी तो विषच, शून्यच हवा. परवा फिल्टरचा स्पंज मी नळाखाली खसाखसा धुतला होता. अमोनिया पचवणारे जिवाणू मुख्यतः त्यातच राहतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा असतो. फार वाईट वाटलं. तो बिचारा बोलणार कसा?

30 टक्के पाणी बदललं. क्लोरीन घालवून, टाकीइतकंच कोमट करून, अगदी हळू ओतलं.

संध्याकाळी तो काचेशी आला, बोटामागे फिरला. आज त्याला उपाशीच ठेवलंय. सकाळी पुन्हा पाणी तपासते.